आठातल्या चौघी

"बूड कापून टाकू?" बुरूडकाकांनी दोनदा विचारलं. कोयता हातात, टोपली मांडीवर उलटी. उभं आयुष्य पाट्या, हारे, रोवळ्या विणणारा माणूस. आपणच घातलेलं बूड आपल्याच हातानं काढायला त्यांचा जीव होईना. मी म्हटलं, "काका, ह्यात भरायचं काही नाही. वरून चेंडू टाकायचा, खालून पडू द्यायचा." त्यांनी टोपली फिरवून फिरवून पाहिली, काठ पुन्हा एकदा आवळला आणि मग बूड काढलं. विणल्या होत्या दोन, पैसे घेतले एकीचे. "पोरांच्या खेळाला ना," एवढंच म्हणाले.

त्या दोन टोपल्या आता पोफळीच्या दोन वाशांच्या टोकाला बसल्या आहेत, आणि ओहोटी लागली की ते वासे पुळणीवर उभे राहतात. सुरूच्या बनातून येणाऱ्याला लांबून वाटतं, कुणीतरी आंबे उतरवायचे झेले वाळूत रोवून ठेवलेत. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठानं देठासकट हापूस उतरवणारा नूतन झेला काढला. काठीच्या टोकाला टोपली ही वस्तू इथल्या कुठल्याही पोराच्या ओळखीची. झेल्यात फळ वरून अलगद उतरतं, इथे मात्र चेंडू खालून चढवायचा. साडेतीन मीटर. बास्केटबॉलच्या कडीपेक्षा जवळजवळ दीड फूट उंच, आणि मागे आधाराला फळी नाही.

खेळाचं नाव कॉर्फबॉल. डच भाषेत कॉर्फ म्हणजे टोपली. पूर्वी ती वेताची असे, आता आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिवळीधमक प्लास्टिकची असते, पंचवीस सेंटिमीटर उंच. आमची बांबूचीच आहे. मी तिला हळदीच्या पाण्यात बुडवून पाहिलं. रंग दोन दिवस टिकला.

ह्या खेळापर्यंत मी पोचले ती 2023 च्या ऑक्टोबरात. भातकापणीचे दिवस. दादा मुंबईची नोकरी संपवून गावी परत आला होता, आणि दिवसभर मळ्यात राबून आम्ही दोघं संध्याकाळी पडवीत मोबाईल समोर ठेवून बसायचो. त्या महिन्याच्या सुरुवातीला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी कबड्डीचं सुवर्ण घेतलं होतं, 26-25 असं, एका गुणानं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक. समोर होता चायनीज तैपेईचा संघ. तैवानचे खेळाडू आंतरराष्ट्रीय मैदानात ह्या नावानं उतरतात. दादा मुंबईत मंडळाकडून कबड्डी खेळलेला. तो सामना त्यानं इतक्यांदा पाहिला की तैपेईच्या चढाईपटू त्याला चेहऱ्यानं ओळखू यायला लागल्या. म्हणून महिनाअखेरीस यूट्यूबवर 'चायनीज तैपेई विरुद्ध नेदरलँड्स' असं दिसलं तेव्हा त्यानं घाईघाईनं ते लावलं. त्या वर्षीची कोजागिरी ग्रहणात सापडली होती. दुधाचं काय करायचं ह्यावर घरात दोन तट पडले होते, आणि त्या गडबडीत नेटवर्कही नीट नव्हतं. त्यामुळे सामना होऊन गेल्यावर, निकाल कळलेला असताना आम्ही तो पाहिला. नेदरलँड्स जिंकलं होतं. तैपेईत, तैपेईच्याच लोकांसमोर. कॉर्फबॉलची ती बारावी जागतिक स्पर्धा.

"ह्याच पोरी का गो?" दादानं विचारलं.

"नाही रे. त्या कबड्डीच्या. ह्या वेगळ्या."

मग तो जरा वेळानं म्हणाला, "पण ह्यात बाप्ये पण आहेत."

आहेत. प्रत्येक संघात चार पुरुष आणि चार स्त्रिया. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदानाचे दोन भाग. एका भागात आपले चौघं चढाईला, दुसऱ्या भागात आपले चौघं बचावाला, आणि दोन्हीकडे दोन पुरुष, दोन स्त्रिया. मधली रेघ ओलांडायची नाही. चेंडू घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही, लाथ नाही, मूठ नाही. हातात चेंडू आला की तो दुसऱ्याला द्यायचा किंवा टोपलीकडे फेकायचा, तिसरा मार्ग नाही. खांब मैदानाच्या टोकाला नसतो, आत घेतलेला असतो, त्यामुळे खेळ देवळाच्या प्रदक्षिणेसारखा खांबाभोवती फिरतो. एक जण टोपलीखाली उभा राहून हुकलेला चेंडू पकडायच्या तयारीत, एक जण जवळून चेंडू पुरवणारा, बाकीचे दोघं आत झेपावतात, बाहेर पळतात, पुन्हा आत. पंचवीस सेकंदांत फेक झाली पाहिजे.

पहिली दहा मिनिटं मला काही कळलं नाही. दादाला कळलं. कबड्डीवाल्याला जागा दिसते, तसं त्याला दिसलं की तैपेईची ती ठेंगणी मुलगी मुद्दाम बाहेर बाहेर सरकतेय, कारण तिच्यावरची डच मुलगी एक हात मागे राहिली तरच तिला फेकता येणार. ह्या खेळातला मला सगळ्यात आवडलेला नियम हाच. बचाव करणारा तुमच्या आणि टोपलीच्या मध्ये, हाताच्या अंतरावर, हात उंचावून उभा असेल तर तुम्ही फेकायचंच नाही. फेकलंत तर गोल धरत नाहीत.

"म्हणजे धरायचं नाही, पाडायचं नाही, नुसतं समोर उभं राहायचं?" दादाला ते पटायला वेळ लागला. मांडी फुटेपर्यंत पकडी केलेला माणूस तो.

आणि दोन गोल झाले, कुणाचेही असोत, की सगळ्यांची कामं बदलतात. आत्ता चढाई करणारे बचावाला, बचाव करणारे चढाईला. नुसता गोल मारणारा म्हणून कुणाला मिरवता येत नाही. दोन गोल होताच त्यालाही हात वर करून समोर उभं राहावं लागतं.

मध्यंतरात दादा उठून चूळ भरून आला. खाली बसता बसता म्हणाला, "तू खेळली असतीस हे."

मी काही बोलले नाही. त्या वाक्यात चाळीस वर्षं होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती.

मी बारा वर्षांची होते तोवर आमच्या वाडीतल्या सगळ्या खेळांत असायचे. लगोरी, आबाधुबी, विटीदांडू, पुळणीवर सागरगोट्यांपासून पोहण्यापर्यंत सगळं. नेम चांगला होता. माडावरच्या शहाळ्याला दगड लागायचा म्हणजे लागायचा. मग 1984 साल उजाडलं. त्या उन्हाळ्यात, का पावसाच्या तोंडाशी, आजीनं एका संध्याकाळी मला ओटीवर बसवलं आणि म्हणाली, "आता पुरे झालं गो बाय." इतकंच. ती रागावली नव्हती. तिनं माझ्या केसांना तेल लावलं. त्याच वर्षी ऑगस्टात लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. घरात रेडिओभोवती सगळे हळहळत होते, बाबासुद्धा. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ते ऐकत होते. मुलगी धावते ह्याचा आनंद आमच्या घरालाही होता. फक्त ती मुलगी पय्योलीची होती.

दुसऱ्या दिवशी मी ओटीवर बसून वाट पाहिली. पोरं मला बोलवायला येतील असं मला खरंच वाटलं होतं. पुळणीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. माझ्या जागी त्यांनी पलीकडच्या वाडीतल्या एका पोराला घेतलं होतं आणि खेळ नेहमीसारखा चालला होता.

नंतर हायस्कुलात कबड्डीचा संघ करायचं निघालं, तर सात मुली भरेनात. आम्ही पाच होतो. मुलांचे सात भरले, ते तालुक्याला गेले. पाच मुलींचं काय करायचं ह्याचा विचार करायला कुणी थांबलं नाही. मी तक्रार म्हणून हे लिहीत नाही, ते दिवसच तसे होते. पण 'सात भरत नाहीत' हे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. पुढे मी हट्टानं बी.पी.एड. केलं, खेळाची शिक्षिका झाले, आणि पहिल्या नोकरीपासून आजतागायत हेच वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकत आले. कधी धुणी, कधी धाकटं भावंड, कधी लग्न ठरलेलं. सात भरत नाहीत, मग संघ नाही, मग सराव नाही, मग पुढच्या वर्षी पाचाच्या तीन होतात.

त्या रात्री सामना संपल्यावर मी जे वाचत बसले त्यानं माझी झोप उडवली. 1902 साली अ‍ॅमस्टरडॅममधला निको ब्रूकहाउझेन नावाचा एक शाळामास्तर स्वीडनला, नेस नावाच्या गावी, शिक्षकांच्या उन्हाळी वर्गाला गेला. तिथे त्यानं खांबावरच्या कडीतून चेंडू टाकायचा एक खेळ पाहिला. त्यात स्त्री-पुरुष एकत्र खेळत. परत येऊन त्यानं तो आपल्या विद्यार्थ्यांना शिकवला, पण बदल करून. कडीच्या जागी बिनबुडाची टोपली लावली, म्हणजे चेंडू आरपार गेलेला लांबूनही दिसावा. त्याची शाळा मुलामुलींची मिश्र होती आणि त्याला दोघांना एकाच वेळी खेळवायचं होतं. स्त्री-पुरुष एकाच मैदानात पळतात म्हणून लोकांनी नावं ठेवली, टिंगल केली. तरी पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

नेदरलँड्समधल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला 1919 मध्ये. म्हणजे सतरा वर्षं अशी होती की त्या देशात बाईचं मत मोजत नव्हते, पण कॉर्फबॉलच्या संघात तिला मोजल्याशिवाय शिट्टी वाजत नव्हती.

मी हे वाक्य दादाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

मास्तरानं मुलींना खेळू द्या असं कुणाला विनवलं नाही, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. विनवण्या मी आयुष्यभर केल्या. पालकांच्या दारात, शाळेच्या खोल्यांत, चहाचे कप गार होईपर्यंत. परवानगी मिळते, आणि जशी मिळते तशी काढूनही घेता येते. माझी एका वाक्यात, तेल लावता लावता काढून घेतली गेली. मास्तरानं मुलींना आकड्यातच घालून ठेवलं.

एक नियम मात्र मला सुरुवातीला खुपला. पुरुषानं पुरुषावर आणि स्त्रीनं स्त्रीवरच बचाव करायचा. वाटलं, शेवटी इथेही कुंपण आलंच. वाशांखाली मुलांना खेळवायला लागल्यावर माझं मत बदललं, पुरतं नाही पण बरंचसं. ताकदीचा प्रश्न त्यानं कडेला ठेवला जातो आणि उरतात ते पाय, डोळे आणि वेळ साधणं. शिवाय जोडी जुळलेली असल्यामुळे मुलगी मोकळी सुटली की ती सगळ्या संघाची मोकळी जागा असते. तिला चेंडू न देणाऱ्या मुलाचं नुकसान लगेच, त्याच खेपेला होतं. तरीही माझ्या मनात एक शंका आहे ती आहे. अजून पन्नास वर्षांनी हा नियम असाच लागेल का, मला बघायला आवडलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते. 1920 च्या अँटवर्प आणि 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये कॉर्फबॉल प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला, आणि मग ऑलिंपिकनं त्याला विचारलं नाही. 1993 मध्ये ऑलिंपिक समितीनं आंतरराष्ट्रीय संघटनेला मान्यता दिली, पदकांत मात्र घेतलं नाही. धावण्याची मिश्र रिले ऑलिंपिकमध्ये आली ती टोकियोला, तेव्हा किती कौतुक झालं. मला तेव्हा हे माहीत असतं तर मी वर्गात वेगळं बोलले असते.

जागतिक स्पर्धा 1978 पासून होतात. बारापैकी अकरा नेदरलँड्सनं जिंकल्या. लोक म्हणतात, एकच देश जिंकत असेल तर त्यात काय बघायचं? हा प्रश्न कोकणातल्या माणसाला विचारू नये. कबड्डीत आपण वर्षानुवर्षं जिंकत होतो, आणि 2018 मध्ये जकार्ताला इराणनं आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि मुलींना अंतिम सामन्यात हरवलं तेव्हा आमच्या वाडीत सुतक पडलं होतं. दादा तेव्हा फोनवर म्हणाला होता, "वाईट वाटतंय, पण खेळ आता जगाचा झाला." कॉर्फबॉलला तो दिवस 1991 मध्ये अँटवर्पला दिसला, बेल्जियम जिंकलं. एकदाच. तैवाननं अंतिम फेरी गाठणं म्हणूनच मोठं.

आणि 1995 ची जागतिक स्पर्धा झाली नवी दिल्लीत. आपल्या देशात. मी तेव्हा तेवीस वर्षांची, खेळाच्याच शिक्षणात बुडालेली. दिल्लीला जाणं परवडलं नसतं, ते सोडा. पण त्या स्पर्धेचं अक्षरसुद्धा माझ्यापर्यंत आलं नाही. जगभरातल्या स्त्रिया आणि पुरुष एका संघात खेळायला ह्या देशात उतरले होते आणि मी त्याच सुमारास मुलींच्या संघासाठी सातवी मुलगी शोधत दारोदार हिंडत होते. हे कळलं त्या रात्री मला रडू आलं. अजूनही येतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी बुरूडकाकांकडे गेले. शाळेचं पटांगण उताराचं आणि जांभ्याचं, पडलं की गुडघे सोलतात. म्हणून पुळण. वाळूवरच्या कॉर्फबॉलला चारच जण लागतात, दोन मुली आणि दोन मुलगे. दोन संघांचे मिळून आठ. आमच्यासारख्या घटत्या पटाच्या शाळेला हे देवानंच धाडल्यासारखं. आठवी-नववीतून चार मुलं चुटकीसरशी आली. मुली पाच आल्या. पाच! म्हणजे एक राखीव.

पहिला आठवडा मुलं एकमेकांतच चेंडू खेळवत राहिली. चेंडू आपटता येत नाही, पळवता येत नाही, तेव्हा दोघंच दोघं किती देणार घेणार? दोन्ही बाजूंचे दोन-दोन मुलगे त्याच चार पावलांच्या वर्तुळात अडकायचे आणि मुली कमरेवर हात ठेवून बघत उभ्या. मी शिट्टी वाजवली नाही, समजावलं नाही. आठव्या दिवशी नववीतली एक, हर्णैच्या कोळीवाड्यातली, एकदम ओरडली, "अरे, मी मोकळी हाय ना!" तिची आई बंदरावर लिलावात उभी राहते, आवाजाला घरची तालीम. चेंडू आला. तिनं तो छातीपासून दोन्ही हातांनी वर ढकलला, आणि तो टोपलीच्या काठावर क्षणभर बसून आत पडला, खालून वाळूत. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, सगळे नुसते टोपलीकडे बघत राहिले. त्या दिवसापासून चेंडू तिच्याकडे न मागता जायला लागला.

जानेवारीत दोघी गळाल्या. एकीचे वडील ठाण्याला कामाला, सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. दुसरी आजारी. उरल्या तिघी. मी नेहमीच्या सवयीनं मनात विनवणीची जुळवाजुळव सुरू केली: कुणाच्या घरी आधी जायचं, काय बोलायचं. सहावीतली एक मुलगी रोज सुरूच्या बनात उभी राहून बघायची, तिला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणाली, "आई नाय सोडायची."

त्या संध्याकाळी मी दादाला घेऊन तिच्या घराकडे निघाले. माझ्याबरोबर घरातला बाप्या असला की बोलणं सोपं जातं, हे मी फार पूर्वी शिकले आहे. पाखाडी चढून वर आलो तर त्यांच्या अंगणात आधीच गर्दी. माझी चारही मुलं, आणि मागे तिघी. सगळ्यांत मोठा, ज्याला सुरुवातीला चेंडू सोडवत नसे तो, हात मागे बांधून उभा होता आणि सांगत होता, "काकी, पाठवा ना तिला. चार नसल्या तर आम्हाला खेळताच येत नाय."

काकी सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा आत दाराआडच्या लेकीकडे.

"दिवे लागायच्या आत आणून कोण सोडेल?" तिनं विचारलं.

"आम्ही," चौघंही एकदम म्हणाले.

दादानं माझा दंड धरला आणि मला गडग्याच्या मागेच थांबवलं. "आपण कशाला जायचं आता," तो हळू म्हणाला. परतताना तो पाखाडीच्या मधल्या पायरीवर थांबला. खाली समुद्र दिसत होता, ओहोटी अजून पुरती लागायची होती. "बाय," तो म्हणाला, "त्या दिवशी आम्ही दुसऱ्या पोराला घेतलं. मला वाटलं होतं तुला बोलवावं. मग वाटलं, कशाला, खेळ तर चाललाय."

मी म्हटलं, "माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी वासे रोवायला तो माझ्याआधी पुळणीवर गेला होता. ओली वाळू दोन हात खोल उकरून, खालपर्यंत दगड ठेचून त्यानं दोन्ही खांब ओळंब्यात उभे केले. सहावीतली ती चिमुरडी आली, उंच टोपलीकडे बघून घाबरली. मी तिला राखीव ठेवायचं म्हणत होते, पण राखीव ठेवायला मुली होत्या कुठे? ती थेट खेळायला उतरली. पहिला चेंडू तिच्या हातून निसटून पाण्यात गेला, आणि तो आणायला सातही जण धावले.